कातालचा डोळा आणि मी

मी बोलतेय, एक सेफ्टी पिन. हसू नका. आमच्या डोंगरात ग्रहणाच्या दिवशी मला लाल फितीसकट पोटावरच्या कपड्याला टोचल्याशिवाय पोटुशी बाई उंबरा ओलांडत नाही. सासू पेत्रोनानं मला बाजारातून आणलं, सून एउलालियाच्या पोटावर लावलं.

ग्रहण लागलं तेव्हा एउलालिया मका वाटत होती. वाकताना मी बोचले. तिनं घटकाभर मला काढून चुलीपाशी ठेवलं. एवढंच.

मुलगी झाली, काताल. दीड वर्षाची होते न होते तोच तिच्या एका डोळ्यात मांजराच्या डोळ्यासारखं पांढरं चमकू लागलं.

"पिन काढलीस ना?" पेत्रोना कडाडली. "चंद्रानं डोळा खाल्ला पोरीचा. आता भोग!"

एउलालिया कितीतरी महिने तोंड लपवून बसली. अगं बाई, ते माझ्या हातात कधीच नव्हतं! पण पिनेचं कोण ऐकतं?

डोळा सुजला तेव्हा ती लेकीला पाठीशी बांधून दवाखान्यात गेली. झोळीच्या गाठीला मीच होते.

"भाऊ, रेडिओवर सांगतात, डोळ्यात पांढरं दिसलं तर कॅन्सर असतो."

नर्स मातेओ मनानं भला. त्यानं कुठल्या जिल्ह्यात कुठल्या आजाराची किती नोंद, तो भिंतीवरचा तक्ता दाखवला. "मुलांचा कॅन्सर तिकडं राजधानीत, ताई. आपल्या जिल्ह्यापुढं बघ, शून्य."

"म्हणजे इथं होतच नाही?"

"झाला असता तर लिहिला नसता का? थेंब देतो, घाल."

थेंब घातले. चार महिन्यांत काताल गेली.

मृत्यूची नोंद करायला गेली तेव्हा कचेरीत कारकुनानं विचारलं, "कशानं गेली?"

"माझ्या चुकीनं. ग्रहणानं."

"असं लिहिता येत नाही, बाई. ताप लिहितो."

लिहिला. तक्त्यावरचं शून्य होतं तिथंच राहिलं. आता पुढची आई येईल, तिलाही मातेओ तेच शून्य दाखवेल.

आणि माझा मान मात्र वाढला! काढली तर काय होतं ते अख्ख्या गावानं पाहिलं ना. परवा पुन्हा ग्रहण होतं, तर शेजारची पोटुशी माताल मलाच मागायला आली.

बायांनो, मी दोन पैशांची गंजकी तार आहे. मला फेका. पोराच्या डोळ्यात पांढरं दिसलं तर सासूला विचारू नका, तक्ता बघू नका, त्याच दिवशी राजधानीची गाडी धरा. आणि पोर गेलंच, तर कशानं गेलं ते खरं लिहून घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.

पण मला तोंड कुठंय? एउलालियानं स्वतःच्या हातानं मला मातालच्या पोटावर लावलं, दाबून बंद केलं.

"बोचली तरी काढू नकोस हं," ती म्हणाली.