वारा कुठून आहे

"वारा कुठून आहे गं?" मावशीने स्वयंपाकघरातून विचारलं.

मी अंगणात पेरूच्या फांदीला माझ्या छकुलीची झोळी बांधत होते. डिसेंबरातला रविवार, दुपारचे बारा. पानसुद्धा हलत नव्हतं. पण "वारा नाहीये" हे उत्तर मावशीला चालत नाही. वारा असतोच, आपल्याला कळत नाही, असं तिचं म्हणणं. तारेवर तिची साडी वाळत होती. मी साडीकडे नुसती नजर टाकली आणि शेजारच्या वसाहतीचं नाव ठोकून दिलं, "पिपलानीकडून."

"बघून सांगतेस ना?"

"बघून सांगतेय."

"मग बांध."

सिंधूमावशी कारखान्याच्या टाइम ऑफिसात पस्तीस वर्षं लोकांची हजेरी लिहीत आली. लग्न केलं नाही. बरखेड्यातल्या या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये एकटी राहायची. कॉलनीतली पोरं तिला 'हवामान खातं' म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, ते नाव मीच ठेवलं होतं, आठवीत असताना. तिच्या दाराशी बारा महिने पाण्याची बादली असायची आणि बादलीत टॉवेल भिजत असायचा. गॅसला ती गॅस म्हणत नसे, शेगडी म्हणे. आमटीला फोडणी अशी मिळमिळीत, की माझे बाबा जेवायला येताना खिशात लाल तिखटाची पुडी घेऊन येत आणि गुपचूप कालवून खात.

चौऱ्याऐंशी साली जुन्या शहरातल्या एका कारखान्यातून विषारी गॅस सुटला त्या रात्री मावशी माझ्या आईच्या सोबतीला होती, स्टेशनजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. बाबा ड्यूटीवर इटारसीला गेलेले. घरात आई, मावशी आणि माझी पाच महिन्यांची बहीण. सकाळी आई आणि मावशी उरल्या. मी त्यानंतर तीन वर्षांनी जन्मले. आमच्या घरी एवढंच सांगतात. आईही एवढंच सांगते, मावशीही एवढंच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. बहिणीचं नावही कुणी घेत नसे, तिला 'पहिली' म्हणत.

महिनाअखेर मावशी रिटायर होणार होती. जानेवारीत माझी रजा संपत होती आणि मला शाळेत रुजू व्हायचं होतं. छकुलीला दिवसभर मावशीकडे ठेवायचं माझ्या मनात होतं. मावशीने तर क्वार्टर सोडून राहायला अवधपुरीत घेतलेल्या दोन खोल्यांत आधी पाळण्याचा हूक बसवून घेतला आणि मग नळ. लंगोट बावीस शिवून तयार होते. अडून बसला होता माझा नवरा, सुभाष.

"अनु, त्यांना मधेच काहीतरी होतं. पोर हातात असताना झालं तर?"

होत होतं, हे खरं. चिमटा हातात घेऊन ती उभी राही आणि डोळे भलतीकडे. हाक मारली तरी ओ नाही. दोन-चार मिनिटांनी परत येई आणि विचारी, "किती वाजले?" मागच्या उन्हाळ्यात मी तिला धरून-बांधून साकेत नगरला एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, शांतपणे ऐकणारा. त्याने आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि मग म्हणाला, "आंटी, आपके दिमाग़ के लिए वो रात अभी ख़त्म नहीं हुई है। कैलेंडर आपने पलटा है, उसने नहीं।"

परतताना रिक्षात मावशी बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "बरोबर बोलला मुलगा. माझ्याकडे सगळ्यांच्या येण्याजाण्याची नोंद आहे. त्या रात्रीची जायची वेळ तेवढी लिहायची राहिली." गोळ्या तिने घेतल्या. झोप थोडी सुधारली. पण डॉक्टरला सगळं सांगितलं नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तर त्या रविवारी छकुली सकाळपासून किरकिर करत होती. आई पुढच्या खोलीत उन्हाच्या पट्ट्यात झोपली होती. मीही पेंगुळले होते. कॉलनीच्या त्या रुंद रस्त्यांवर, सागाच्या झाडांखाली हिवाळ्यातली दुपार अशी काही पसरते, की आपण जागे आहोत की नाही तेच कळत नाही. कुंपणापलीकडून शेजारच्या शशिकलाकाकूंनी डोकावून पाहिलं.

"कधीची रडतेय गं! दृष्ट लागलीय तिला. थांब."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. काकू आल्या त्याच मुळी मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेऊन. छकुलीवरून तीनदा ओवाळलं, पुटपुटल्या आणि परत जाऊन मूठ आपल्या अंगणातल्या कोळशाच्या सिगडीत रिकामी केली. पाणी तापवायला सिगडी पेटलेलीच होती. मिरच्या तडतडल्या. क्षणभराने धूर कुंपणावरून आमच्याकडे आला. माझा घसा खवखवला, डोळ्यांत पाणी आलं.

मिरच्यांचा ठसका आला नाही तर दृष्ट होती आणि आला तर नव्हती, असं आपल्याकडे मानतात. काकू खूश झाल्या. मोठ्याने म्हणाल्या, "बघ, केवढा ठसका! दृष्ट नव्हतीच पोरीला. झोपा आता निवांत."

मावशी दारात उभी होती. तिने ते ऐकलं. बादलीतला टॉवेल पिळला, झोळीतून छकुलीला उचललं, टॉवेल तिच्याभोवती गुंडाळला आणि फाटक उघडून चालू लागली. अनवाणी. मला वाटलं, धुरापासून दूर नेतेय. मी चपला शोधून फाटकापर्यंत येते तो रस्ता रिकामा. दोन्ही बाजूंना नुसती झाडं आणि ऊन.

आई खोकत बाहेर आली. तिने सिगडीकडे पाहिलं, रिकाम्या झोळीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "वारा कुठून आहे?"

माझ्या आईने हा प्रश्न जन्मात कधी विचारला नव्हता.

"आई, मावशी छकुलीला घेऊन..."

"कळलं मला. वारा कुठून आहे ते सांग. ती वाऱ्याच्या तोंडावर, वारा येतो तिकडेच जाईल. त्या रात्री आम्ही वाऱ्याबरोबर पळालो गं, तेच चुकलं. गॅसही आमच्याबरोबरच येत होता."

"मी तिला पिपलानीकडून सांगितलं होतं. पण ते खोटं होतं, आई. मी बघितलंच नव्हतं."

"तू सांगितलंस ना? मग ती तिकडेच गेली."

आम्ही पिपलानीच्या रस्त्याला लागलो. आईला दम लागत होता, त्या रात्रीपासून तिची छाती तशीच आहे, तरी ती माझ्या पुढे चालत होती. मी मनात नको नको ते बघत होते आणि त्या प्रत्येक चित्रात सुभाषचा चेहरा होता. पाण्याच्या टाकीपाशी एक भाजीवाला दिसला. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "बच्ची वाली आंटी ना? आगे पुलिया पे बैठी हैं। पैर से ख़ून निकल रहा था, मैंने पानी पिला दिया।"

मावशी पुलियावर, ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसली होती. मांडीवर छकुली गाढ झोपलेली. ओल्या टॉवेलची घडी हनुवटीखाली नीट दुमडलेली, नाक-तोंड मोकळं. मी छकुलीला उचलून घट्ट धरलं आणि टॉवेल काढून तिला माझ्या शालीत घेतलं. मावशीने मान वर केली.

"किती वाजले?"

"पाऊण," आई म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली.

मावशी रस्त्याकडे बघत आईशी बोलू लागली. आवाज लांबून आल्यासारखा होता.

"वंदे, तुला सांगायचं राहिलंय. त्या संध्याकाळी विमल रडत होती. मी तिची दृष्ट काढली, शेगडीत मिरच्या टाकल्या. मग मध्यरात्री गॅसचा ठसका आला, अगदी मिरच्यांसारखा. तू उठून बसलीस. मी पांघरुणातूनच म्हटलं, मिरच्याच आहेत, दृष्ट नव्हती पोरीला, झोप. आणि तू झोपलीस."

विमल. माझ्या बहिणीचं नाव मला सव्विसाव्या वर्षी, एका पुलियावर कळलं.

आईने तिच्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "तू कुठे म्हणालीस?"

"मीच म्हणाले."

"ताई, मी म्हणाले ते. तू खोकत उठून बसलीस. 'वंदे, हा कसला वास?' असं विचारलंस. मी विमलला पाजत होते, कूस बदलायचा कंटाळा आला म्हणून म्हटलं, मिरच्याच आहेत, झोप."

"नाही गं. मी भिंतीकडे तोंड करून होते, मला आठवतंय."

"भिंतीकडे मी होते!"

दोघी भांडायला लागल्या. खाट कुठे होती, दिवा कुणाच्या बाजूला होता, पांघरूण कुणाचं. आईच्या पाटल्यांवरून बहिणी भांडाव्यात तशा त्या एका वाक्यावरून भांडत होत्या, फक्त दोघींनाही ते स्वतःच्याच वाट्याला हवं होतं. एकोणतीस वर्षं दोघींनी तेच वाक्य एकमेकींपासून लपवून ठेवलं होतं. मला रडू आवरेना. 'हवामान खातं' आठवलं आणि स्वतःची इतकी लाज वाटली की तिथून उठून जावंसं वाटलं.

शेवटी मावशीने आईचा हात धरला. "किती वेळ झोपलो गं आपण?"

"दहा मिनिटं असतील."

"मला अजून वाटतं, आपण उठलोच नाही."

आई तिच्या पायाला लागलेलं रक्त पदराने पुसत राहिली. कारखान्याकडून एक सायकलवाला आला, आमच्याकडे बघत गेला. पुष्कळ वेळाने आई म्हणाली, "उठ ताई. चल आता."

सुभाषला मी सगळं सांगितलं, खोट्या वाऱ्यासकट. तो चिडला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "तिने छकुलीचं नाक मोकळं ठेवलं होतं, सुभाष. ती कुठेही असली तरी तेवढं तिला कळत होतं." तो म्हणाला, "एकट्या नको. आई पण तिथे असतील तर बघू." मग आईनेच ठरवलं. ती रोज सकाळी नेहरू नगरहून दोन बस बदलून अवधपुरीला यायची होती. मावशी डॉक्टरकडे पुन्हा गेली, या वेळी आईला घेऊन, आणि राहिलेलं सांगून आली.

जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी मी छकुलीला पाळण्यात ठेवलं. आई दुधाची बाटली उकळत होती. दाराशी बादली होती, बादलीत टॉवेल. मी पर्स उचलली.

"वारा कुठून आहे गं?" मावशीने विचारलं.

मी गॅलरीत गेले. बोट ओलं करून वर धरलं. बराच वेळ काही कळेना. शाळेला उशीर होत होता. मग बोटाची एक बाजू गार पडली: वारा थेट जुन्या शहराकडून होता, स्टेशनच्या बाजूने.

"शहराकडून," मी सांगितलं.

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"बघून सांगतेस ना?"

"बघून सांगतेय, मावशी."

तिने खिडकीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आई पाळण्याला झोका देत राहिली. मावशीने खिडकी लावायला हात वर नेला, तो तसाच गजावर ठेवला, खिडकी उघडीच राहिली.

"बरं," ती म्हणाली. "मग जा तू."