अठ्ठावीस नंबरचं खोकं

देवाने माझ्या सुनेला चांगलं बत्तीस दातांचं तोंड दिलंय, पण ते उघडायला तिला काय होतं कोण जाणे. जे काही सांगायचं ते ही बाई कागदावर लिहिते आणि फ्रिजला चिकटवते. दूध संपलं, चिठ्ठी. नळवाला येणार, चिठ्ठी. परदेशी जायचं ठरल्यापासून तर विचारूच नका. औषधांच्या गोदामात नोकरी केली ना, तिथली खोड. खोक्याला आकडा आणि आकड्याला यादी. मी पहिल्याच दिवशी बजावलं, "तुझी यादी मी वाचणार नाही. काय सांगायचं ते समोर येऊन सांग." "बरं आई," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी यादीला आणखी एक पान जोडलं.

खरं सांगायचं तर मला वाचायला वेळ लागतो. शाळा चौथीत सुटली, आणि तिचं अक्षर म्हणजे मोहरी सांडलेली. पण हे तिला कशाला सांगू? चाळीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलं, गावभरची मापं डोक्यात ठेवली, कधी वही लागली नाही.

मुलगा माझा धांदरट. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा. म्हणून चौघांचे पासपोर्ट त्याने माझ्या हातात दिले. "आई, तुझ्याकडे असले की मी निर्धास्त," म्हणाला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

विमान परवा सकाळचं. सामान बोटीने पुढे जायचं, म्हणून आज ते बांधणारी पाच माणसं घरात शिरली. अनोळखी हात आणि उघडी कपाटं! मी आपली दुकानातून घरी आणलेल्या माझ्या खुर्चीची उशी उसवली, पासपोर्ट कापसात सरकवले आणि बारीक टाक्याने शिवून टाकली. पाठीला टेकू म्हणून ती विमानात माझ्याजवळच राहणार होती. उशी खुर्चीवर ठेवली, कुणाला अक्षर बोलले नाही. मग नातीने हाक मारली, तिच्या कापडी हत्तीची सोंड सुटली होती. सोंड शिवून परत येते तो खुर्ची नाही, उशी नाही आणि दारातला ट्रकही नाही.

तोंडचं पाणी पळालं; दुपारभर घर पालथं घातलं, उशी कुठेच नाही. उद्यापासून वर्षअखेरच्या सुट्ट्या, कचेऱ्यांना कुलूप. सामानाचं गोदाम सहाला बंद होणार ते दहा दिवसांनी उघडणार. तिकिटं वाया, मुलाची नवी नोकरी वाया, आणि सगळं माझ्या हातून! त्याने एवढ्या विश्वासाने दिलेले पासपोर्ट.

"बटणं आणायला जाते," म्हणाले.

"आई, बटणांचा डबा गेला की सामानात," मुलगा म्हणाला.

"म्हणूनच आणायची ना!" म्हणून मी चपला सरकवल्या.

रस्ताभर दिव्यांच्या माळा, लोक पिशव्या घेऊन हसत चाललेले. मला एकेकाचा राग येत होता. गोदामात पोचले तेव्हा साडेपाच. वॉचमन दाराला कागदी फुलं चिकटवत होता.

"आमचं सामान आज आलंय. एक खोकं उघडायचंय."

"नंबर?"

"उशीचं खोकं."

"मावशी, आत सहाशे खोकी आहेत. उशीला हाक मारली तर ओ देईल का?"

दुसरा कुणी असता तर त्याला उभा उसवला असता. पण अडला हरी. मूग गिळले आणि सुनेला फोन लावला.

"माझ्या खुर्चीची उशी कुठल्या खोक्यात?"

"अठ्ठावीस," ती लगेच म्हणाली. श्वाससुद्धा घेतला नाही. "का आई?"

"पाठीला हवी. गोदामात आलेय."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "पावतीशिवाय उघडू देणार नाहीत. थांबा, मी येते."

सहाला दहा मिनिटं असताना ती टॅक्सीतून उतरली. पावती दाखवली, वॉचमनने अठ्ठावीस नंबरचं खोकं ओढून काढलं, पट्टी कापली. उशी वरच होती. मी ती छातीशी धरली आणि दाबली. नुसता कापूस! पुन्हा दाबली. मग शिवण पाहिली. माझा टाका मुंगीच्या पावलाएवढा. हा टाका होता बेडकाच्या उडीचा.

"ही कुणी उसवली?"

"मी," सून म्हणाली. पर्समधून चारी पासपोर्ट काढून तिने माझ्यापुढे धरले. "खोकं भरताना हाताला जड लागली. जोडीची दुसरी उशी हलकी, ही जड कशी? म्हणून उसवून पाहिली."

माझा जीव भांड्यात पडला. तिथल्याच एका खोक्यावर मी बसकण मारली.

"मग सांगायला काय झालं होतं?"

"त्या परक्या माणसांसमोर पासपोर्टचं कसं बोलू? म्हणून यादीत लिहिलं. 'खोकं अठ्ठावीस: उशी, आतले पासपोर्ट माझ्या पर्समध्ये.' फ्रिजवर आहे दुपारपासून." मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही वाचलं असेल."

दुपारपासून त्या फ्रिजसमोरून मी दहा वेळा गेले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा!

वॉचमन किल्ल्या वाजवत म्हणाला, "मावशी, उशी नेताय की ठेवताय?"

"नेतेय. तुझं काय जातंय?"

बाहेर आलो. टॅक्सीत सून गप्पच, नेहमीसारखी. ती हे घरी कुणाला सांगणार नाही, हे मला न विचारता कळलं. घुम्या माणसाचा एवढा एक उपयोग. खिडकीतून तेच दिवे दिसत होते, आणि आता बरे दिसत होते. मी उशी मांडीवर घेतली, तो बेडूकटाका पुन्हा एकदा निरखला आणि तिला म्हणाले,

"सूनबाई, टाका तुझा अगदी भिकार आहे. तिकडे पोचल्यावर पहिल्या दिवशी सुई घेऊन माझ्यापुढे बसायचं. डोकं मात्र लाखात एक, ते मी कुणापुढेही सांगेन. आणि चिठ्ठ्या लाव हव्या तेवढ्या, पण अक्षर जरा मोठं काढ. मला वाचायचं असतं."