सुकराम पाणकराची छाती

"और एक बार," डॉक्टर म्हणाले आणि सुकराम निमूटपणे पुन्हा जिना चढायला लागला.

तो खाली आल्यावर डॉक्टरांनी छातीला नळी लावली, नाडी पाहिली. "दर्द हुआ?"

"नाई जी."

"साँस फूली?"

"थोडीशीक. तुमी इतक्या वेळा चढवून राहिले, घोड्यालेही दम लागंल."

डॉक्टर हसले. सुकरामला काही हसू आलं नाही. दवनीवाड्यापलीकडच्या आपल्या गावातून तो बैलबंडीने गोंदियाला आला होता, तो आपण किती दिवस जगू हे विचारायला. वर्षभर छातीत डावीकडे कळ येत होती. त्याचा बाप असाच तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, छाती धरून बसला होता आणि नंतर उठलाच नाही. आपलंही तसंच होणार, हे सुकरामने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"तो फिर दर्द होता कब है?"

सुकराम विचारात पडला. डोक्यावर धानाचा भारा असताना दुखत नव्हतं. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, त्याची खुंटी उपसायला तो बुडी मारायचा, तेव्हाही नाही.

"बसल्या जागी दुखते जी," तो म्हणाला. "हिरालाल येताना दिसला का दुखते."

मग सगळंच बाहेर आलं. गावाचा जमीनदार, मालगुजार, होता तोवर पाणी कोणाला द्यायचं हे तो सांगे. तलावाचं पाणी सोडणाऱ्या पाणकराने, म्हणजे सुकरामने, फक्त खुंटी काढायची. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला आणि सगळा गाव सुकरामच्या उरावर बसला. हिरालालची शेती तलावाच्या पायथ्याशी, आवाज खणखणीत. तो ओरडला की सुकरामच्या छातीत कळ यायची, डोळ्यांपुढे बाप यायचा आणि मरणाच्या भीतीने तो हिरालालला पाणी देऊन मोकळा व्हायचा. शेवटच्या टोकाला केवलराम. त्याचा पाण्याचा नंबर यंदा दोनदा बुडाला होता.

"दिल तो ठीक लगता है," डॉक्टर म्हणाले. "ये फिक्र का दर्द है. दर्द सच्चा है, पर दिल का नहीं." मग त्यांनी दटावलंही. चालताना, ओझं नेताना छाती दाबल्यासारखी झाली, हात भरून आला, घाम फुटला, तर फिक्र समजून घरी बसायचं नाही; सरळ इथे यायचं.

सुकरामला इतका आनंद झाला की बायकोसाठी त्याने पावशेर जिलबी घेतली.

गावात मात्र बातमी आधीच झाली होती. सुकरामच्या दिलात बिमारी आहे, तो आता काही दिवसांचा सोबती, असं जो तो कुजबुजत होता. दारासमोरून जाणारे हळू बोलत होते. बायकोने, शामकलाने, जिलबी बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "पन कोनाले सांगू नोका. बिमार मानसावर कोनी वरडत नाई. सुखानं जगा जी."

तिचं काही चुकत नव्हतं. तिनेही एक वर्ष झोपेत त्याचा श्वास ऐकत काढलं होतं.

सकाळी तो पाळीवर गेला. भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान निसवला होता, हे शेवटचं पाणी, आणि नंबर केवलरामचा होता. केवलराम खाली उभा होता. त्याच्या बांध्यांना, धानाच्या खाचरांना, भेगा पडल्या होत्या. तुडमाजवळ हिरालाल धोतर खोचून तयार.

"भाऊ, तुमी कायले आले?" हिरालाल इतक्या मायेने बोलला की सुकरामला भरून आलं. "अशा बिमारीत पान्यात उतरू नोका. आता खुंटी मी काढत जाईन. तुमी आराम करा."

त्याच्या पाठोपाठ आलेल्या शामकलाने त्याच्याकडे विनवणीच्या नजरेने पाहिलं. नुसती मान हलवायची होती. जन्मभराची कटकट गेली असती, आणि खुंटीबरोबर केवलरामचं पीकही.

"माहा दिल चांगला हाये," सुकराम म्हणाला. "डाक्टरनं सांगतलं. सरक तू. नंबर केवलरामचा हाये."

हिरालालची माया तिथल्या तिथे आटली. "मंग नाटक कायले करून राहिला होता रे? साऱ्या गावाले येडं बनवलं?"

कळ आली. नेहमीच्याच जागी, नेहमीसारखीच. सुकराम क्षणभर थांबला. घरापासून इथवर आणि सारी पाळ तो चालून आला होता, तेव्हा काही झालं नव्हतं. त्याने पाण्यात उडी घेतली, बुडी मारली आणि खुंटी उपसली.

तो वर आला तेव्हा हिरालाल ओरडतच होता. आता त्याच्या शिव्या सुकरामच्या बापापर्यंत पोचल्या होत्या. शामकला जवळ आली.

"दुखून राहिलं का जी?"

"दुखून राहिलं," सुकराम म्हणाला. "दुखू दे. मी उठलो का हा खुंटी लावंल, केवलरामचं पानी बंद."

पाणी हिरालालच्या बांध्यांशेजारून पुढे गेलं. ते शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत सुकराम ओल्या धोतराने तुडमावर बसून राहिला.