खालच्या वाडीचा पाळणा

जुना पाळणा म्हटले की तुम्हाला आढ्याला टांगलेला, घुंगरू लावलेला लाकडी पाळणा आठवेल. मी तसा नाही, मित्रांनो. मी पोलादाचा आहे, गोल आहे आणि माझ्या पोटात आठ माणसे दाटीवाटीने बसत. मला तारेच्या दोराने समुद्रात सोडत आणि त्याच दोराने वर ओढत. कागदोपत्री माझे नाव लांबलचक आणि इंग्रजी होते. मालवणच्या माणसांनी पहिल्याच दिवशी मला पाळणा म्हटले, आणि तेच राहिले.

माझा जन्म गोव्यातल्या एका जहाजकारखान्यात झाला. माझ्या दोन अर्धगोलांना जोडणारी शिवण एका म्हाताऱ्या वेल्डरने घातली. नंतर माझ्या आत इतकी हवा दाबून भरली की दुसरा कुणी असता तर फुटला असता. मी फुटलो नाही. ट्रकवर चढवून मला इकडे आणले तेव्हा गोव्याची दारू पकडणाऱ्या इन्सुलीच्या नाक्यावर अडवले. आत काय आहे, असे तपासनिसाने विचारले. हवा, असे ड्रायव्हरने सांगितले. तपासनिसाने आत डोके घालून खात्री करून घेतली आणि मग मला सोडले.

निवतीच्या दीपगृहापलीकडे, वीस वाव, म्हणजे एकशेवीस फूट, पाण्याखाली, एका कंपनीने वस्ती उभारली होती. समुद्राच्या तळावर रोवलेल्या दोन मोठ्या पोलादी खोल्या, त्यांना जोडणारा एक अरुंद बोळ आणि बोळात एक जाड दार. सभोवती शेवाळाची शेती आणि दोरांना लावलेले कालवांचे शिंपले. फलकावर ‘सागरतळ वसाहत’ असे नाव होते. लोक तिला खालची वाडी म्हणत. तिच्या बरोबर वर बार्ज, म्हणजे कंपनीची सपाट मोठी नौका, नांगरलेली असे आणि बार्जवर मी.

या वस्तीत राहायला कंपनीने किनाऱ्यावरची सात मुले-मुली निवडली. बारावी नुकतीच झालेली. त्यांच्या घरच्या होड्या वाळूवर उपड्या पडून होत्या, कारण जाळ्यात मासा उरला नव्हता. समुद्रावर पोट भरत नाही, तर समुद्राखाली भरते का ते पाहू, असा त्यांचा हिशेब होता. संचिता त्यांची म्होरकी. उंच, मोठ्या आवाजाची, धीट. तिची जिवलग मैत्रीण भक्ती. भक्ती कमी बोले, आणि दिलेले काम पुरे केल्याशिवाय हात धूत नसे. दोघी एकाच वाडीतल्या, बालवाडीपासून एका बाकावरच्या.

मला खाली-वर करणाऱ्या विंचवर, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावर, धोंडूकाका असत. ते पूर्वी रापणीवर होते. किनाऱ्यावरून शंभर हातांनी जाळे ओढायचे, आणि दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा द्यायचा, ही त्यांची जुनी शिस्त. मुले माझ्यात चढली की ते माझ्या दाराशी उभे राहून गाऱ्हाणे घालत. ‘बा देवा म्हाराजा, ही पोरां आज खाली जातत. वाटेत काय आडवा इला तर बाजूक कर आणि तेंका हसत वर आण.’ मग माझ्या पोटातून सगळी मुले एका सुरात म्हणत, ‘व्हय म्हाराजा.’

खालचे आयुष्य मजेचे होते, हे खोटे नाही. खिडकीबाहेरून कासव जाई. मुले पाणबुड्याचा पोशाख घालून शेवाळाच्या वाफ्यांतून फिरत आणि परत येऊन भांडत. खालच्या हवेत जेवणाला चव लागत नसे. सर्वेश नावाचा मुलगा रोज म्हणे की आईची फिशकरी खायला मिळाली नाही तर तो स्वतःच मासा होईल. भक्ती एकदा त्याला म्हणाली होती, ‘हो बरो, मगे तुकाच शिजवतलंय.’ सगळे हसले होते. पण ते हसणे ऐकायला विचित्र लागे. इतक्या खोल पाण्यात श्वास घेण्यासाठी हवेत दुसरा वायू मिसळावा लागतो, आणि त्याने माणसाचा आवाज बदकासारखा चिरका होतो. कुणाचा आवाज कुणाचा, हे ओळखू येत नाही.

म्हणूनच कंपनीच्या नियमात एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती. माझे दार लावण्याआधी म्होरक्याने एकेकाचे नाव घ्यायचे आणि ज्याचे त्याने उत्तर द्यायचे.

सुरुवातीला तसे होई. मग एके दिवशी संचिताला कंटाळा आला. तिने धोंडूकाकांचा सूर लावून विचारले, ‘सगळी इली काय रे म्हाराजा?’ मुलांनी उत्तर दिले, ‘व्हय म्हाराजा.’ हशा पिकला. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. थोड्याच दिवसांत नावे घेणे बंद पडले. या भागातल्या मुलांना त्यात काही चुकले असे वाटले नाही, कारण गाऱ्हाण्याची रीतच तशी आहे. देवळात दहाजण ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले की ते साऱ्या गावाचे होते. पोटासाठी मुंबईला गेलेल्यांचेही होते. हजर कोण आणि गैरहजर कोण, हे तिथे कुणी विचारत नाही, कारण देवाला ते ठाऊक असते.

मला ठाऊक असून उपयोग नव्हता, मित्रांनो. मला बोलता येत नाही.

बार्जवरच्या साहेबांना हा प्रकार फार आवडला. ते पुण्याकडचे, नेमस्त आणि हुशार गृहस्थ होते. त्यांनी त्याचे चित्रण करून घेतले. कंपनीच्या जाहिरातीत माझे दार लागताना दिसे आणि मागे तो घोष ऐकू येई. पाहणीला आलेले पाहुणे तो पुन्हा म्हणायला लावत. नावे घ्यायला लागणारा वेळही वाचला. नियमाचे ते पान कुणी रद्द केले नाही आणि कुणी उघडलेही नाही.

दसरा होऊन गेला होता. अरबी समुद्रात वादळ उठले आहे, असा इशारा आला. वस्ती त्याच दिवशी रिकामी करायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते आणि रिकामी वस्ती दाखवायची कशी, म्हणून साहेबांनी एक दिवस थांबायचे ठरवले. पाहुणे आले नाहीत. वादळ आले. मुलांबरोबर खाली राहून काम शिकवणारे शिक्षक पाळी संपवून वर गेले होते आणि बदली शिक्षकांना खाली उतरता आले नव्हते. खाली फक्त ती सात मुले होती.

सकाळी लाटांनी बार्ज सरकली. तिच्या नांगराची साखळी तळावरून फरपटत गेली आणि मागच्या खोलीवर आदळली. पत्रा फाटला, पाणी आत येऊ लागले, वीज गेली. मला घाईने खाली सोडण्यात आले. पुढच्या खोलीच्या छपरावर मी नेहमीसारखा बसलो आणि माझे तोंड उघडले.

मुले अंधारात शिडी चढून वर येऊ लागली. कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या हातात श्वासाची टाकी. संचिता शिडीच्या टोकाशी उभी राहून एकेकाला ओढून घेत होती. भक्ती त्यांच्यात नव्हती. त्या दिवशी बोळातले दार सांभाळायची पाळी तिची होती. ते दार बंद झाले नसते तर पाणी पुढच्या खोलीत येऊन माझ्या तोंडापर्यंत चढले असते आणि आम्ही कुणीच निघालो नसतो. ती एकटी त्या दाराचे गंजलेले चाक फिरवत होती.

संचिताने विचारले, ‘सगळी इली?’

घाबरलेल्या पोरांनी सवयीने, नेहमीपेक्षा मोठ्याने उत्तर दिले. पाच चिरके आवाज. ते सहा वाटले. संचिताने दार लावले आणि वर निघण्याची खूण दिली.

आता एक गोष्ट समजून घ्या. खाली राहिलेल्या माणसाला एकदम मोकळ्या हवेत आणता येत नाही. सोड्याची बाटली उघडल्यावर जसे बुडबुडे उठतात तसे त्याच्या रक्तात उठतात. म्हणून मी खालचा दाब तसाच पोटात धरून वर येतो आणि बार्जवरच्या दाबखोलीला जाऊन चिकटतो. मुले माझ्यातून त्या खोलीत सरकतात, आणि तिथे कित्येक दिवस हळूहळू दाब उतरवला जातो.

दाबखोलीत दिवे होते. त्या उजेडात मुलांनी एकमेकांची तोंडे पाहिली. सर्वेश म्हणाला, ‘भक्ती खंय आसा?’

संचिता अजून माझ्यातच होती. ती तिथून हलली नाही.

भोंग्यावरून साहेबांचा आवाज आला. त्यांनी शांतपणे समजावले की पुढची खोली शाबूत दिसते आहे, तिच्यात हवा आहे, वादळ ओसरल्यावर पाळणा पुन्हा सोडता येईल. आता सोडला आणि बार्जवर आपटून फुटला, तर खालचीही जाईल आणि आत बसलेलेही. बोलणे चुकीचे नव्हते. पण वीज गेल्यावर खालची हवा शुद्ध करणारे यंत्र बंद पडते, हे मुलांना शिकवलेले होते. वादळ ओसरेपर्यंत ती हवा पुरणार नव्हती. भक्ती जिवंत मिळायची असेल तर त्याच घडीला जायला हवे होते.

संचिता म्हणाली, ‘मी भायर येवचंय नाय. माका परत खाली सोडा.’

साहेबांनी तिला दाबखोलीत येण्याचा हुकूम केला. तिने आतून माझे दार ओढून घेतले. मग साहेब धोंडूकाकांकडे वळले आणि विंचला हात लावायचा नाही, असे त्यांना बजावले.

काका इतकेच म्हणाले, ‘साहेब, दोराक हात लावल्यार वाटो घेवचो लागता. बऱ्याचो आणि वायटाचो.’ आणि त्यांनी मला सोडले.

त्या फेरीत लाटेने मला बार्जच्या कडेवर दोनदा आपटले. माझ्या उजव्या कुशीला पडलेला पोचा अजून आहे. खाली पोहोचल्यावर छपरावर नीट बसायला मला अनेकदा उचलावे लागले. शेवटी बसलो. संचिताने दार उघडले.

भक्ती शिडीच्या पायरीवर बसली होती. डोके लोखंडाला टेकलेले, श्वास जोरजोरात चाललेला. तिने वर पाहिले, पण हात पुढे केला नाही. संचिताने खाली वाकून तिला बगलेत धरून ओढले. मग दार लावून तिने वर ओढण्याची खूण दिली.

भक्ती म्हणाली, ‘दार लावन इलंय, तर तुमी गेलास. पाळण्याचो दिवो वर जाताना बघलंय.’

‘माका वाटला तूय बोललंस,’ संचिता म्हणाली. ‘सगळ्यांचो आवाज इलो.’

‘माझा नाव घेतलंस काय?’

भक्तीने पुन्हा विचारले नाही. पुढचे सगळे दिवस ती दाबखोलीत भिंतीकडे तोंड करून बसली. एकाच लहानशा खोलीत सात मुले होती, आणि दार बाहेरून बंद. संचिता रोज तिच्या शेजारी जेवणाचे ताट ठेवी. भक्ती दुसऱ्याने दिलेले खाई.

चौकशी झाली. हुकूम मोडला म्हणून धोंडूकाकांना काढून टाकले. धार्मिक प्रथेमुळे सुरक्षेचा नियम डावलला गेला, असा निष्कर्ष निघाला आणि गाऱ्हाण्यावर बंदी आली. ज्या प्रथेची जाहिरात केली तीच दोषी ठरली. एक दिवस थांबायचे कुणी ठरवले, त्याबद्दल अहवालात एक ओळही नव्हती. पुढे वस्तीच बंद झाली. भंगारवाल्याने तिचे तुकडे नेले. मला तेवढे ठेवले, कारण मी फोटोत बरा दिसतो.

मालवणच्या धक्क्यावर चौथरा बांधला, मला निळा रंग दिला आणि माझ्यासमोर सत्काराचा कार्यक्रम झाला. साहेबांना शाल मिळाली. संचिताला शाल आणि ढाल मिळाली. ती मान खाली घालून उभी होती. सूत्रसंचालकाने पुढे म्हटले, ‘आणि त्यांचे इतर सहकारी.’ भक्ती आली नव्हती. तिची आई यशोदा आली होती. ती याच धक्क्यावर मासे विकते. ती पाटी खाली ठेवून उठली आणि सभेत मोठ्याने म्हणाली, ‘इतर म्हंजे कोण ता तरी सांगा. माझ्या चेडवान तुमची सगळी पोरां वाचवली. तिका थयसर इसारलास, आणि हयसर पण इसारतास?’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमात एक चांगला प्रसंग घडला, असे त्यांना वाटले असावे. नाव तरीही कुणी पुकारले नाही.

भक्ती आता कुडाळला औद्योगिक वसाहतीत काजूच्या कारखान्यात जाते. समुद्राकडे ती येत नाही. संचिता पर्यटकांना होडीतून समुद्रात बुड्या मारायला नेते. होडी सुटण्यापूर्वी ती प्रत्येकाला नाव विचारते, प्रत्येकाकडून उत्तर घेते. पर्यटक वैतागतात. किती वेळ लावतेस, असे म्हणतात. ती ऐकत नाही. दुपारी कधी माझ्या सावलीत बसून ती फोन लावते. पलीकडे घंटा वाजत राहते, कुणी उचलत नाही.

मित्रांनो, माझ्यावर तुमची नावे कोरू नका आणि माझ्या आडोशाला पान थुंकू नका, एवढे तर मी मागतोच. पण त्याहून मोठे मागणे वेगळे आहे. शाळेची सहल असो, होडी असो, नुसते घराचे फाटक असो, बंद करण्याआधी एकेकाचे नाव घ्या. ज्याचे त्याच्या तोंडून उत्तर येऊ द्या. जो कमी बोलतो त्याचे नाव आधी घ्या. गर्दीचा आवाज मोठा असतो, म्हणून तो पुरा असतो असे समजू नका.

माझ्या चौथऱ्यावर संगमरवरी पाटी आहे. या पाळण्याने सर्व मुलांना सुखरूप परत आणले, असे तिच्यावर लिहिले आहे. ते वाचून तुम्ही मला शाबासकी द्याल. देऊ नका. भक्तीला मी वर आणले, हे खरे आहे. परत आणणे माझ्या दोराला जमले नाही.