मैदा निर्दोष

बेकरीत तिला सगळे नक्षी म्हणत. केकवर क्रीमची फुलं, वेली आणि अक्षरं काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. लग्नाला वर्ष होत आलं, नवरा गुणी मिळाला, काम मनासारखं होतं. सगळं कसं छान चाललं होतं, आणि मग शिंका सुरू झाल्या.

साध्यासुध्या शिंका नव्हेत. सकाळी बेकरीत जाऊन पांढरा एप्रन बांधला, टोपी चढवली, की नाकात मुंगी फिरल्यासारखं व्हायचं. डोळे चुरचुरायचे. मग एकामागून एक शिंकांची अशी माळ लागायची की बिचारीला "थांबा" म्हणायलाही सवड मिळायची नाही. तोंडाला मास्क लावून ती कसंबसं निभावून नेत होती. पण एका सकाळी ती केकवर 'अभिनंदन' लिहीत असताना, नेमकी अनुस्वार द्यायच्या क्षणी, शिंक आली. हातातली क्रीमची पिशवी करकचून दाबली गेली. 'अभिनंदन'ला एक अनुस्वार पुरतो. त्या केकवर सात-आठ पडले, आणि एक उडून समोर उभ्या असलेल्या भट्टीवाल्या काकांच्या चष्म्यावर बसला.

"माझं कशाबद्दल अभिनंदन?" काका चष्मा पुसत म्हणाले.

सगळे पोट धरून हसले. मालकीणबाईही हसल्या. पण हसून झाल्यावर त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"अगं, माझ्या काकांचं असंच झालं होतं. जन्मभर मैद्यात हात, आणि शेवटी तो मैदाच बाधला. पोतं उघडलं की दम लागायचा. धंदा सोडावा लागला त्यांना. तू आधी डॉक्टरला दाखव. आणि तोवर गल्ल्यावर बस."

नक्षी गल्ल्याकडे निघाली. मैदा बाधला तर बेकरीत राहणार कशी? दुसरं तिला येत काय होतं? ती गल्ल्यावर बसून सुटे पैसे देत राहिली आणि काचेपलीकडे भट्टीवाले काका तिच्या जागी गुलाब काढायला धडपडताना बघत राहिली. त्यांचे गुलाब कोबीसारखे दिसत होते. शिंका मात्र गल्ल्यावरही थांबल्या नाहीत.

घरी माणसं तीन. ती, लिफ्ट दुरुस्त करणारा नवरा, आणि सासरे अप्पा. अप्पा शाळेत पीटीचे मास्तर होते. निवृत्त झाले तरी पाठीचा कणा अजून 'सावधान'मध्येच होता. बोलणं मोजकं. सुनेशी तर "जेवलीस का" आणि "दार लावून घे" यापलीकडे फारसं नाही. ते मोकळेपणी बोलत फक्त हेडबाईंशी.

हेडबाई म्हणजे त्यांची मांजर. करडं अंग, पांढरीशुभ्र छाती, आणि बघण्याची तऱ्हा अशी की समोरच्याला वाटावं, आपला गृहपाठ राहिलाय. सासूबाई गेल्या त्याच वर्षी ती कुठूनशी दारात येऊन बसली होती आणि अप्पांनी तिला आत घेतलं होतं. नक्षीचाही तिच्यावर जीव. संध्याकाळी हेडबाई तिच्या मांडीवर घुर्रघुर्र करत पडायच्या आणि नक्षी एका हाताने त्यांना कुरवाळत दुसऱ्या हाताने नाक पुसायची.

"दिवसभराचा मैदा नाकात बसलाय," ती म्हणायची.

"पंख्याच्या पात्यांवर धूळ आहे," नवरा म्हणायचा. त्याने दोनदा पंखा पुसला. फरक शून्य.

त्यातच तिच्या आईचा हात मुरगळला आणि नक्षी थोडे दिवस माहेरी गेली. आईला स्वयंपाक होईना, म्हणून सगळं हिनेच हातात घेतलं. एक दिवस तर हौसेने घरीच पाव भाजायला घेतला. कोपरापर्यंत हात मैद्यात, केसांत मैदा, नाकाच्या शेंड्यावरही मैदा. ती पीठ मळत असताना आई सहज म्हणाली, "तुझी सर्दी गेली वाटतं गं?"

नक्षीचे हात थांबले. खरंच की! आल्यापासून एकही शिंक नाही.

"आई, हा मैदा कुठला?"

"दुकानातला. का, किडे आहेत का?"

"नाही गं," नक्षी म्हणाली. मग मुद्दाम परातीत नाक घालून तिने एक मोठा श्वास घेतला. आईला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

परत आल्यावर हे सगळं तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, छाती तपासली, सर्दीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवायला सांगितल्या आणि मग तपासणीला बोलावलं. तिच्या हातावर पेनने खुणा केल्या, प्रत्येक खुणेशी एकेक थेंब ठेवला आणि सुईने हलकेच टोचलं. कुठला थेंब धुळीतल्या किड्यांचा, कुठला परागांचा, कुठला आणखी कशाचा.

"यात मैदा कुठला?" नक्षीने विचारलं.

"हा, मनगटाजवळचा. खाजवू नका हं."

ती त्या खुणेकडे टक लावून बसली. खूण जशीच्या तशी. कोपराजवळच्या एका खुणेला मात्र अशी खाज सुटली की बसवेना. बघता बघता तिथे लाल गांधी उठली आणि फुगली.

"मैदा काही नाही," डॉक्टरीणबाई वाकून बघत म्हणाल्या. "हे मांजर आहे."

"मैदा निर्दोष!" नक्षी एवढ्या मोठ्याने ओरडली की बाहेर बसलेल्या पेशंटांनी माना वळवल्या. तिने नर्सला मिठीच मारली.

"ॲलर्जी निघाली म्हणून नाचणारा पेशंट पहिल्यांदाच बघतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरी मांजर आहे का?"

"आहे. पण बाई, ती बेकरीत कशी येईल? मी तर बेकरीतच जास्त शिंकते."

"मांजर येत नसेल, पण तुमच्या कपड्यांवरून तिचं काही ना काही येतंच. त्रास तिच्या केसांचा नसतो. लाळेचा आणि कातडीच्या कोंड्याचा असतो. मांजर अंग चाटते, ते वाळतं, बारीक होऊन उडतं आणि जिथे बसेल तिथे बसतं."

नक्षी घरी आली. खिडकीपाशी उन्हात वेताची टोपली ठेवलेली होती. धुऊन, इस्त्री करून घडी घातलेले एप्रन आणि टोप्या ती त्यात ठेवायची. टोपलीत, सगळ्यात वरच्या टोपीत अर्धं अंग कोंबून, हेडबाई गाढ झोपल्या होत्या.

म्हणजे रोज सकाळी आपण ही मांजर डोक्यावर चढवून कामाला जात होतो! नक्षीला हसू फुटलं. आणि हसता हसता शिंका.

संध्याकाळी तिने घरात सांगितलं. नवऱ्याने चुटकीसरशी निकाल लावला. "मग सोपं आहे की. माझ्या मित्राच्या गोदामात उंदरांचा सुळसुळाट आहे. त्याला मांजर हवीच आहे."

अप्पा उठले, हेडबाईंची वाटी घासली, पुसली आणि एका पिशवीत ठेवली. मग मुलाकडे पाठ करून म्हणाले, "दूध चालत नाही तिला. पोट बिघडतं. मित्राला सांगून ठेव."

नक्षीने पिशवीतली वाटी पुन्हा बाहेर काढली.

"अप्पा, थांबा ना. पूर्ण ऐका तरी," ती म्हणाली. "मांजर दुसरीकडे गेलेली बरी, हे डॉक्टरीणबाईही म्हणाल्या. पण माझी छाती साफ आहे. औषध घेऊन आणि घरात काळजी घेऊन थोडे दिवस बघायला हरकत नाही म्हणाल्या. छातीत शिट्टी वाजायला लागली, दम लागला, तर मात्र हट्ट करायचा नाही. आणि तिला आज घालवली तरी तिचा कोंडा घरात कितीतरी महिने राहतो."

अप्पा वळले. "म्हणजे मांजर जाणार आणि शिंका राहणार? मग मिळवलं काय?"

"तेच तर म्हणतेय मी."

अप्पांची पाठ होती त्याहून ताठ झाली. "सूनबाई, बस. काय काय करायचं ते पहिल्यापासून सांग."

दुसऱ्या दिवसापासून घराची जणू शाळाच झाली. गालिचा गुंडाळून बाहेर गेला. पडदे, उशांचे अभ्रे, चादरी गरम पाण्यातून निघाल्या. झोपायची खोली हेडबाईंना बंद. नवऱ्याच्या हाती ओलं फडकं आलं आणि "कोपऱ्यात, कोपऱ्यात!" असा अप्पांचा आवाज घुमू लागला. एप्रन आणि टोप्या बेकरीतच धुऊन तिथल्या कपाटात राहू लागल्या. नक्षी रोज नाकात फवारा मारायची आणि मांजरीला हात लावला की लगेच हात धुवायची. हेडबाईंचे केस विंचरायचं काम अप्पांनी स्वतःकडे घेतलं, तेही गॅलरीत, काचेचं दार लावून.

सगळंच काही सुरळीत झालं नाही. मांजरीला आंघोळ घातली तर बरं, असं अप्पांना कुणीतरी सांगितलं. ते बादली, टॉवेल घेऊन न्हाणीघरात शिरले. आत जी काही धुमश्चक्री झाली ती बाहेर नुसती ऐकू आली. दार उघडलं तेव्हा अप्पा नखशिखांत भिजलेले आणि हेडबाई गीझरवर, कोरड्या ठणठणीत.

"आयुष्यभर दांडगी पोरं रांगेत उभी केली मी," अप्पा धापा टाकत म्हणाले, "पण हे प्रकरण वेगळं आहे."

डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं की त्या आंघोळीचा फायदा दोन-तीन दिवसही टिकत नाही. अप्पांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

एकदा नक्षीचंच चुकलं. दुपारी हेडबाई बंद दाराबाहेर अशा काही केविलवाण्या ओरडल्या की तिने विरघळून दार उघडलं. हेडबाई थेट उशीवर. सकाळी नक्षीचे डोळे सुजून बारीक झाले होते.

"कुणी उघडलं दार?" अप्पांनी विचारलं.

"मी," नक्षी खाली मान घालून म्हणाली.

"पुन्हा झालं तर उठाबशा," अप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघून मिश्किल हसले.

शिंका एकदम गेल्या नाहीत. पण आधी बेकरीतल्या थांबल्या, मग घरातल्या कमी झाल्या. नक्षी पुन्हा तिच्या टेबलाशी उभी राहिली, तेव्हा मालकीणबाईंनी मुद्दाम तिच्या शेजारी मैद्याचं पोतं उघडलं आणि हाताची घडी घालून बघत राहिल्या. नक्षीने एक गुलाब काढला, दुसरा काढला, तिसरा काढला. भट्टीवाले काका म्हणाले, "सुटलो बुवा," आणि आपल्या भट्टीकडे गेले.

आता रोज संध्याकाळी अप्पा गॅलरीत हेडबाईंना विंचरत बसतात आणि नक्षी काचेच्या अलीकडे खुर्ची टाकून बसते. काचेतून नीट ऐकू येत नाही, म्हणून दोघंही जरा मोठ्यानेच बोलतात. शेजाऱ्यांना बेकरीची सगळी खबर त्यामुळे आपोआप मिळते.

"आज काय काढलंस?" अप्पांनी परवा विचारलं.

"एक म्हातारं जोडपं आलं होतं. केकवर त्यांची जुनी स्कूटर हवी होती. हुबेहूब काढली."

"स्टेपनी काढलीस का मागे?"

"अय्या, राहिलीच!"

"मग काही खरं नाही त्यांचं," अप्पा कंगव्यातले केस झटकत म्हणाले. "पहिल्याच वळणावर पंक्चर."