विझवलेली चूल

कुंभार आणि विणकर यांच्या अंगणांमध्ये एकच भिंत होती, आणि तीही कमरेएवढी. तीस वर्षं त्या भिंतीवरून मीठ गेलं, विस्तव आला, शिडी गेली, करवत आली. विणकराचा एक हेका होता. घेतलेली वस्तू दिवस मावळायच्या आत परत. वाटीभर पीठ नेलं तर शिगोशीग भरून आणायचा. कुंभार हसून म्हणायचा की तुझ्या शेजारानं मी एक दिवस श्रीमंत होणार.

वारा असला की भट्टी पेटवायची नाही, हे कुंभाराला बापानं शिकवलं होतं आणि त्यानं ते जन्मभर पाळलं. पण त्या दिवशी दोनशे मडक्यांसाठी व्यापारी खोळंबला होता. एवढ्याशा वाऱ्यानं काय होतंय, असं म्हणत त्यानं भट्टी लावली. दुपारी भट्टीतून एक पेटती काटकी उडाली, भिंतीपलीकडे गेली आणि विणकराच्या मागाच्या खोलीवर, गवती छपरावर जाऊन बसली. कुंभारानं ती डोळ्यांनी पाहिली. घागर उचलून तो भिंत ओलांडेपर्यंत छप्पर धडधडा पेटलं होतं.

माग जळाला, सूत जळालं, वर्षभराचं कापड जळालं. घरची माणसं बाजारात होती म्हणून वाचली. लोक गोळा झाले आणि कुणीतरी विचारलं की मागची चूल पेटती कुणी ठेवली? खोलीला लागूनच रंग उकळायची चूल होती, ती विणकराची सून सांभाळायची. सून म्हणाली, मी विझवली होती, पाणी ओतून विझवली होती. कुंभाराच्या ओठांवर खरं आलं होतं. पण त्याच वेळी विणकर त्याच्या गळ्यात पडला, त्याचे पोळलेले हात हातात घेऊन रडला आणि म्हणाला, तू नसतास तर राहतं घरही गेलं असतं. उद्या सांगू, असं कुंभारानं ठरवलं. उद्याचा परवा झाला.

मग त्यानं जे जमेल ते केलं. मडकी वाळवायची पडवी त्यांना विणकामासाठी दिली. स्वतःच्या छपरासाठी जपून ठेवलेले वासे नव्या मागासाठी काढून दिले. शेजारी असावा तर असा, असं जो तो म्हणू लागला. कुंभार मान खाली घालायचा आणि लोकांना तो त्याचा मोठेपणा वाटायचा.

सुनेला कुणी मारलं नाही की घराबाहेर काढलं नाही. फक्त ती चुलीपाशी गेली की सासरा उठून मागोमाग जायचा. आधी ती म्हणायची, विझवली होती. मग म्हणू लागली, विझवली असेन. थंडी पडली तोवर ती स्वतःच सांगू लागली होती की माझ्याच हातून झालं. विस्तवाला हात लावेनाशी झाली. नवरा रांधायचा, आणि ती कोपऱ्यात पाठ करून सुताचा गुंता सोडवत बसायची.

नव्या मागावरची पहिली चादर विणकर स्वतः घेऊन आला. म्हणाला, या जन्मी सगळं फिटणार नाही, पण सुरुवात करतो. आणि काठ सुनेनं विणलाय, तुझे उपकार ती आमच्यापेक्षा जास्त मानते.

कुंभाराला ती चादर हातात धरवेना. ती घेऊन तो तसाच विणकराच्या मागोमाग त्याच्या घरात शिरला. विणकर, मुलगा, सून, तिघंही समोर होती. उभ्या उभ्याच त्यानं सांगितलं. वारा, भट्टी, काटकी, सगळं.

सुनेनं विचारलं, "म्हणजे मी विझवली होती?"

"विझवली होतीस, पोरी."

"पाणी ओतून?"

"माझ्या भट्टीनं झालं ते. तुझी चूल थंड होती."

विणकर ताडकन उठला. "वासे परत ने. तुझी काडीसुद्धा नको मला. पण या पोरीचं तू कशानं फेडणार आहेस?"

"मामंजी," सून म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी हळू होता, "काकांनी खरं लपवलं. पण मी खरं सांगत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?"



त्या आठवड्यात कुंभार दारोदार हिंडला आणि प्रत्येक उंबऱ्यावर खरं सांगून आला. काहींनी दार लावून घेतलं, बऱ्याच जणांनी त्याची मडकी घेणं सोडलं. पण सून आणि तिचा नवरा थांबले नाहीत. दूरच्या गावी एका सूतगिरणीत दोघांना काम मिळालं आणि ती दोघं निघून गेली. विणकर एकटा राहिला. भिंतीवरून काही जाईना, काही येईना.

वर्षभरानं कुंभार तिकडे जाऊन आला. सुनेनं त्याला पाणी दिलं, बसायला दिलं. मी तुला काय देऊ, असं त्यानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "काही नको. परत येऊ नका, एवढं द्या." त्यानं ते कबूल केलं.

तो परतला तेव्हा विणकर भिंतीशी उभा होता, वर्षात पहिल्यांदाच.

"कशी आहे?"

"बरी आहे. मुलगी झालीय."

विणकरानं भिंतीवर दोन्ही हात टेकले. "माझी आठवण काढली का रे?"

हो म्हणायला किती सोपं होतं. म्हातारा त्या एका शब्दावर उरलेले दिवस काढू शकला असता. कुंभारानं त्याच्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

विणकरानं मान हलवली. पण तो आत गेला नाही. दोघं म्हातारे भिंतीच्या दोन बाजूंना तसेच उभे राहिले.