पलीकडच्या टोकाला

मैदान उघडण्याचा हुकूम मंगळवारी दुपारी आला आणि मैदान उघडायचं होतं शनिवारी सकाळी. दीड वर्षाचं कुलूप आणि दुरुस्तीला साडेतीन दिवस. साहेबांना मी फोनवर म्हटलं, "साहेब, झोपाळ्यांच्या साखळ्या तरी एकदा येऊन बघा." ते म्हणाले, "तुम्ही आहात ना बाई." उंटावरून शेळ्या हाकायला हल्ली उंटही लागत नाही, फोन पुरतो.

मी उद्यान खात्यात फिटर आहे. शहरातल्या अकरा मैदानांवरचे झोपाळे, घसरगुंड्या, सी-सॉ, गोल फिरणारी चक्रं, सगळ्यांची दुखणीखुपणी माझ्या गळ्यात. खात्यात मला पानेवाली म्हणतात, कारण पाना माझ्या हातातून सुटत नाही. तोंड सुटलं की तेही आवरत नाही, असं मागून म्हणतात. मला ऐकू येतं.

हे मैदान बंदही मीच केलं होतं. झोपाळ्यांच्या पाट्या उतरवल्या, घसरगुंडीच्या शिडीला आडव्या फळ्या ठोकल्या, चक्राला साखळदंड घातला. आता तेच सगळं उलट करायचं होतं. बोल्ट असे गंजले होते की एकेकाला तेल पाजून तासभर विनवण्या कराव्या लागल्या. घसरगुंडीच्या माथ्यावर गांधीलमाश्यांनी संसार थाटला होता, त्यांना हलवताना माझा कान सुजला. मग प्रत्येक झोपाळ्यावर वाळूच्या पिशव्या ठेवून झोके दिले, कड्या तपासल्या, झिजलेल्या बदलल्या. या पिशव्या चाचणीच्याच असतात, माझ्या गाडीत कायम पडलेल्या. मूल बसायच्या आधी वाळू बसते, हा आमच्या कामाचा नियम.

हुकुमासोबत दोन पानांची नियमावली होती. मुलांनी एकमेकांपासून सहा फूट लांब राहावं, असं त्यात लिहिलेलं. चक्रावर मुलांनी सहा फूट लांब कसं बसावं, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. मी टेप घेऊन सगळं मोजलं. एकटा सी-सॉ पास झाला. एका बैठकीपासून दुसरीपर्यंत साडेनऊ फूट. गरीब बिचारा जन्मल्यापासून नियम पाळत आला होता, कुणी कौतुक केलं नाही.

पण त्या आठवड्यात माझा जीव मैदानात नव्हता. तो घरी, मुंगीपाशी होता.

मुंगी ही माझ्या दादाची मुलगी. आम्ही सगळे एकत्र, दोन खोल्यांत. दादा लांबच्या मार्गावर ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. वहिनी इस्पितळात नर्स. साथ आली तेव्हा मुंगी तीन वर्षांची होती. वहिनी कामावरून आली की बाहेरच्या खोलीत राहायची, आणि मुंगी माझ्याबरोबर आतल्या खोलीत. मधलं दार बंद. आई दाराच्या पलीकडून गोष्ट सांगायची आणि लेक दाराला कान लावून ऐकायची. वहिनीच्या वॉर्डात लोक जात होते, त्यामुळे घरात कुणाला येऊ द्यायचं नाही आणि मुंगीने कुठे जायचं नाही, हे ठरलेलं. जिन्यात पावलं वाजली तरी वहिनी म्हणायची, "तिला आत घे."

मैदानं बंद म्हणजे मलाही महिन्याकाठी चारच दिवस काम. बाकीचे दिवस मी आणि मुंगी. ती खिडकीतून समोरचं हेच रिकामं मैदान बघायची आणि सी-सॉकडे बोट दाखवून, "ते काय?" विचारायची. मला राहवलं नाही. एक फळी आणली, मधोमध लोखंडी नळी लावली, आणि वीतभर उंचीचा सी-सॉ करून दिला. आता पलीकडच्या टोकाला कोण बसणार? मी बसले असते तर पोर छताला चिकटली असती. म्हणून मी एक पत्र्याचा डबा घेतला, त्यात जुने नट-बोल्ट भरले, मुंगीला काट्यावर उभं करून वजन घेतलं आणि डबा बरोबर तेवढाच केला. बारा किलो. फळीवर पट्ट्याने आवळून टाकला. मुंगी पायाने रेटा द्यायची, वर जायची, सावकाश खाली यायची. डबा बिचारा जागचा हलायचा नाही, बोलायचा नाही, भांडायचा नाही. तिने त्याचं नाव डब्बू ठेवलं. तिचं वजन वाढलं की मी डब्बूच्या पोटात चार बोल्ट वाढवायची. अठरा महिन्यांत तो बाराचा साडेपंधरा झाला. माझ्या कारागिरीवर मी बेहद्द खूश होते, खोटं का बोला.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. नियम सैल झाले, आम्ही मुंगीला घेऊन खाली उतरू लागलो, आणि लक्षात आलं की घरात अखंड बडबडणारी ही पोर दुसरं मूल दिसलं की माझ्या पाठीमागे जाते आणि तोंडाला कुलूप लावते. कुणी नाव विचारलं तर डोळे मिटून घेते. बालवर्गाच्या बाई तिला बघायला आल्या, तेव्हा ती पलंगाखाली गेली ती अर्ध्या तासाने निघाली. बाई म्हणाल्या, "पंधरा दिवसांत शाळा सुरू होतेय. मुलांची थोडी सवय करा. अशीच राहिली तर मात्र आपल्याला पुढच्या वर्षाचा विचार करावा लागेल."

त्या संध्याकाळी मुंगी डब्बूला सांगत होती, "उद्या आपण दोघंच खेळू हं, कुणालाच घ्यायचं नाही." वहिनी दारात उभी होती. ती मला म्हणाली, "वन्सं, मी हिला आजारातून वाचवलं ना? मग हे काय करून ठेवलं मी?" वहिनी दीड वर्षात माझ्यादेखत कधी रडली नव्हती. त्या दिवशी रडली. डबा मी भरला होता, पण हे सांगायला माझी जीभ उचलली नाही.

शनिवारी पहिल्या दिवशी फिटरने मैदानावरच हजर राहावं असा हुकूम होता. वहिनीची सकाळपाळी होती. मी मुंगीला सोबत घेतलं.

आठ वाजता कुलूप काढलं. दाराबाहेर बरीच माणसं जमली होती, पण आत कुणी येईना. दुधाने तोंड पोळलेले आईबाप, ताकसुद्धा फुंकून पीत होते. एकीने पर्समधून सॅनिटायझर काढून दाराची कडी पुसली, मग स्वतःचे हात पुसले, मग पर्स पुसली. मी म्हटलं, "या की आत. तीन दिवस घासलंय सगळं. एवढा स्वच्छ तर माझ्या स्वयंपाकघराचा ओटा नसतो." कुणीतरी हसलं, आणि एक मुलगा आईचा हात सोडून जो सुटला तो थेट घसरगुंडीच्या माथ्यावर. त्याच्यामागे सगळा लोंढा. सहा फुटांच्या नियमाचं काय झालं ते विचारू नका.

मुंगी माझ्या पाठीमागे, माझ्या कमरेचा पट्टा मुठीत धरून. मी झोपाळ्याकडे गेले की तीही, चक्राकडे गेले की तीही. अर्धा तास असाच गेला. मग मूठ सुटली. वळून पाहिलं तर ती सी-सॉकडे चालली होती. तिथे कुणीच नव्हतं. ती जवळच्या टोकाला बसली, कडी धरली, आणि पायाने रेटा दिला. वीतभर उठली आणि धप्पकन खाली. पुन्हा रेटा, पुन्हा धप्प. शेवटी ती उतरून माझ्याकडे आली. मी खाली वाकले. ती कानात म्हणाली, "आत्या, ते बिघडलंय."

"कुठे बिघडलंय? कालच तपासलंय मी."

"त्याचा डब्बू नाहीये. कुणीतरी नेला."

साडेचार वर्षांची पोर, आणि तिला वाटत होतं की जगातल्या प्रत्येक सी-सॉच्या पलीकडे एक डबा बांधलेला असतो.

पुढे मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी गाडीकडे गेले आणि वाळूची पिशवी उचलली. फिटरचे हात ते, तक्रार आली की दुरुस्तीला धावतात. पिशवी खांद्यावर टाकून मी अर्ध्या वाटेत आले. मुंगी टाळ्या वाजवत होती. सी-सॉच्या पलीकडे, चार पावलांवर, एक मुलगी उभी होती. मुंगीच्याच चणीची, वर्ष-दीड वर्षाने मोठी असेल. समोरचे दोन दात पडलेले, मास्क हनुवटीवर. ती रिकाम्या बैठकीकडे बघत होती. मुंगीकडे नाही, बैठकीकडे. बसू का नको, असं चाललं होतं तिचं.

ही पिशवी मी तिथे ठेवली असती तर त्या मुलीची जागा गेली असती.

मी पिशवी खाली टाकली.

"आत्या, ठेव ना," मुंगी म्हणाली.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. म्हटलं, "मुंगे, हा सी-सॉ बिघडलेला नाही. डब्बू फक्त आपल्या घरी असतो, कारण घरी कुणी नव्हतं म्हणून मी तो केला. इथे पलीकडे कुणीतरी खरं बसावं लागतं."

"मग तू बस."

"मी बसले तर तुला उतरवायला अग्निशमन दल बोलवावं लागेल."

ती हसली नाही. "मग कोण?"

"ज्याला तू बोलावशील तो. हे काम माझ्याकडून होण्यासारखं नाही. पान्याने होत नाही हे."

तिने त्या मुलीकडे पाहिलं. मग तिने डोळे मिटले. आता ही पाठीमागे येणार. मी बोलायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते वेळेवर बंद केलं. मुंगीचे डोळे मिटलेलेच होते, पण तोंड हललं. ती म्हणाली, "ए, तू माझी डब्बू होतेस?"

मुलगी म्हणाली, "काय?"

"डब्बू. तिकडे बसायचं असतं."

"आणि काय करायचं?"

"काही नाही. नुसतं बसायचं. हलायचं नाही."

मुलीने लांब बाकावरच्या आपल्या बाबांकडे पाहिलं. ते गोंधळून माझ्याकडे बघू लागले. मी हातानेच 'असू दे' केलं. ती पोर बैठकीवर चढली, मुंगी आपल्या टोकाला बसली. दोघी तोलून राहिल्या. मग दात पडलेलीने जे कुठलंही मूल करेल ते केलं. दोन्ही पायांनी सणसणीत रेटा दिला.

मुंगी धाडकन खाली आपटली, आणि त्या दणक्याने पुन्हा वर उडाली. तिचे डोळे एवढे मोठे झाले. डब्बूने अठरा महिन्यांत तिला एकदाही ढकललं नव्हतं. ओठ वाकडे झाले, तो चेहरा मला पाठ आहे, त्यानंतर भोकाड येतं. मी धावले.

"आत्या!" ती हवेतूनच ओरडली. "आत्या, ही ढकलते!"

"थांब, उतरवते तुला..."

"नको! ती ढकलते!" आणि ती हसायला लागली. पोट धरून हसता येत नव्हतं, कारण हात कडीला होते, म्हणून सगळं अंग हसत होतं. मग तिनेही रेटा दिला, पलीकडची किंचाळली, आणि दोन मिनिटांत दोघींचं भांडण जुंपलं.

"हळू ना!"

"तूच हळू!"

"मी डब्बू नाहीये, मला नाव आहे!"

"मग सांग ना!"

मुंगीचं आयुष्यातलं पहिलं भांडण. मला इतका आनंद झाला की मी गाडीला टेकून डोळे पुसले, आणि एका आजोबांनी विचारलं तेव्हा कचरा गेला म्हणून सांगितलं. मी पुन्हा जवळ गेले, तर मुंगी म्हणाली, "आत्या, तू इथे उभी राहू नकोस ना. तुझं काम कर." आनंदाच्या जोडीला छातीत एक कळही आली, ती नाकारण्यात अर्थ नाही. दीड वर्ष ज्या पट्ट्याला ती लटकत होती, तो अचानक हलका झाला. मी गेले आणि चक्राला उगीचच ग्रीस लावलं.

अडीच वाजता वहिनी आली. मैदान खच्चून भरलं होतं. ती दारातच उभी राहिली, इस्पितळाच्या कपड्यांत, चेहऱ्यावर मास्कचे वळ. गर्दी बघून तिचा चेहरा उतरला.

"कुठे आहे ती? रडली का फार?"

मी बोट दाखवलं, पण मलाही पटकन सापडेना. सी-सॉवर आता भलतीच पोरं होती. झोपाळ्यांच्या रांगेत पाहिलं, नाही. शेवटी घसरगुंडीच्या शिडीवर दिसली, तिसऱ्या पायरीवर, पुढे दात पडलेली आणि मागे एक जाडा मुलगा, आणि तो ढकलतो म्हणून मुंगी त्याला मान वळवून झापत होती. गुडघा खरचटलेला, केस विस्कटलेले. ओळखू येईना ती.

वहिनीने हाक मारली, "मुंगे! चल बाळा, घरी."

मुंगीने तिकडूनच पाहिलं. घाबरून नाही, धावत येऊन नाही. वैतागून. तिने हाताची पाच बोटं वर केली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आई, पाचच मिनिटं!"

हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं. घरी तिला ते कधी लागलंच नव्हतं. वहिनीने माझा दंड घट्ट पकडला.

"दहा घे," ती ओरडली. मग पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसली.